अखंड वस्त्र: न शिवता नेसण्याच्या विद्येचा इतिहास



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो आपल्या इतका निकटचा आहे की त्याला इतिहास असू शकतो ही गोष्टच आपल्या ध्यानात सहसा येत नाही. मागावरून जसे उतरले तसेच, कात्रीचा स्पर्श न होता आणि सुईचा टाका न पडता, मनुष्याच्या अंगावर आलेले वस्त्र, मग ते धोतर असो, लुगडे असो, उपरणे असो वा पंचा असो, हा माझ्या विवेचनाचा विषय आहे. आणि हे विवेचन दिल्लीत होत असल्यामुळे त्याचा आरंभ दिल्लीच्या परिसरातच करावा हे उचित होय.

येथून ईशान्येस, हिंडन नदीच्या काठी, मेरठ जिल्ह्यात आलमगीरपूर नावाचे एक गाव आहे. १९५८-५९ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने यज्ञदत्त शर्मा यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सिंधुसंस्कृतीचा विस्तार पूर्वेकडे गंगायमुनांच्या दुआबापर्यंत पोहोचला होता हे प्रथमच निर्विवाद सिद्ध झाले. विद्वानांचे लक्ष साहजिकच मृत्पात्रांकडे आणि त्यांच्यावरील नक्षीकडे गेले. परंतु त्याच उत्खननात मातीच्या एका कुंडीवर विणलेल्या कापडाचा ठसा मिळाला. कापड केव्हाच नष्ट झाले होते. ओल्या मातीने मात्र त्याचे आडवे-उभे धागे जपून ठेवले. सूत बारीक, वीण साधी. आज या महानगरीचा पसारा ज्या प्रदेशावर पडला आहे, त्याच प्रदेशात चार हजार वर्षांपूर्वी कोणी तरी माग लावला होता, याची साक्ष देणारा हा ठसा मला राजेरजवाड्यांच्या शिलालेखांइतकाच आदरणीय वाटतो.

कापूस आणि त्याचे कापड ही या देशाची विद्या आहे याविषयी शंका उरलेली नाही. मोहेंजोदडो येथे चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला, मंजिष्ठेने रंगविलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, आणि धातूच्या क्षारांनी त्याचे रक्षण केल्यामुळे तो तपासता आला. आपल्या महाराष्ट्रात, नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तांब्याच्या मण्यांची एक माळ मिळाली; तिच्यातील दोऱ्यात कापसाबरोबर रेशमाचा अंश असल्याचे तपासणीत आढळले, आणि पुणे जिल्ह्यातील चांडोली येथील तशाच माळेत जवसाच्या तंतूचा दोरा निघाला. ग्रीकांना तर कापूस हे एक आश्चर्यच वाटले: हिंदुस्थानात झाडांना लोकर लागते, आणि ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते, असे त्यांचा इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले, आणि इराणचा बादशहा झर्क्सीझ याच्या सैन्यातील हिंदी तुकडीने सुती वस्त्रे परिधान केल्याचीही नोंद केली.

वस्त्र विणले गेले. ते शिवले का गेले नाही? येथे एका प्रचलित समजुतीचे निराकरण आधी केले पाहिजे. मनुष्य प्रथम कापड गुंडाळीत असे, मग त्याला सुईचा शोध लागला, आणि मग तो शिवलेले कपडे घालू लागला, अशी एक सरळ जिन्यासारखी कल्पना सुशिक्षितांच्याही मनात असते, आणि त्या कल्पनेनुसार धोतर-लुगडे ही मागासलेली अवस्था ठरते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. नेढे असलेली हाडाची सुई चाळीस हजार वर्षांहून जुनी असल्याचे सैबेरियातील गुहांनी दाखविले आहे. माग तिच्यानंतर कितीतरी सहस्रके उलटल्यावर आला. थंड प्रदेशातील मनुष्य जनावरांची कातडी शिवीत होता, तेव्हा कापड ही वस्तूच जगात नव्हती. ईजिप्तमध्ये तारखान येथे १९१३ साली सापडलेला, आणि तपासणीअंती इसवी सनापूर्वी तीन हजार वर्षांच्याही मागचा ठरलेला जवसाच्या तंतूंच्या कापडाचा अंगरखा, बाह्या लावून, चुण्या घालून शिवलेला आहे. हरप्पाकालीन वस्त्यांमध्ये सुया मिळाल्या आहेत. ऋग्वेदात सुईने शिवण्याचा उल्लेख आहे. तात्पर्य, ज्या समाजांनी अखंड वस्त्र स्वीकारले त्यांना शिवणकाम ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनही त्यांनी अंगवस्त्राच्या बाबतीत ते बाजूला ठेवले. हा अज्ञानाचा परिणाम नव्हे, हा निर्णय होता.

या निर्णयाचे मूळ मागात आहे. चामडे जनावराच्या आकाराचे येते. त्याला मनुष्याच्या आकारात आणावयाचे तर कापणे आणि जोडणे अपरिहार्य होते. मागावरचे कापड मात्र चारी बाजूंनी पुरे होऊनच जन्माला येते. दोन्ही अंगांना काठ बांधलेले असतात, टोकाला दशा सुटलेल्या असतात, आणि ज्याने रात्रंदिवस धोटा फेकून ते विणले, त्याच्या दृष्टीने त्यावर कात्री चालविणे म्हणजे सिद्ध झालेली वस्तू मोडणे होय. हाताने धोटा फेकणाऱ्या विणकराच्या कापडाची रुंदी त्याच्या दोन बाहूंच्या आवाक्याने ठरते, लांबीला मात्र ताण्याखेरीज दुसरी मर्यादा नाही. म्हणून आपल्याकडील वस्त्र अरुंद आणि लांब झाले, आणि त्या लांबीचा उपयोग करण्यासाठी निऱ्या, ओचा, कासोटा, पदर हे सारे शास्त्र उत्पन्न झाले. ग्रीसमध्ये उभ्या मागाला ताण्याच्या धाग्यांना वजने टांगीत आणि विणणाऱ्या स्त्रिया मागापुढे येरझाऱ्या घालीत. तेथले कापड रुंद निपजे, आणि म्हणून ग्रीक वस्त्राला निऱ्यांची गरज न पडता खांद्यावरून एकदाच सोडण्याची रीत पडली. एकेका देशाचा वेश हा बऱ्याच अंशी त्याच्या मागाचा वेश असतो.

धर्मशास्त्रानेही मागाचाच पक्ष घेतला. नवे, पूर्वी कोणी न नेसलेले, दशांसह असलेले जे शुभ्र वस्त्र त्याला स्मृतिकारांनी ‘अहत’ म्हटले आणि मंगलकार्यास तेच प्रशस्त मानले. आपल्या घरांतील सोवळ्याची चाल, म्हणजे पूजेस बसताना सदरा उतरवून कद, मुकटा वा धाबळी नेसणे, ही याच विचाराची शाखा आहे. अंग झाकण्याचे काम शिवलेला सदराही करतो. पण ज्याची अखंडता भंगली ते देवापुढे चालत नाही, अशी ती धारणा.

आता या वस्त्राला अंगावर धरून कोण ठेवते, हा प्रश्न पाहा. शिवलेल्या कपड्याला टाका धरतो. अखंड वस्त्राला मात्र प्रत्येक संस्कृतीने आपापल्या रीतीने धरले, आणि या रीतींची तुलना मला या विषयातील सर्वांत उद्बोधक गोष्ट वाटते. ग्रीकांनी टाचणीवर भिस्त ठेवली. हिरोडोटस एक भयंकर कथा सांगतो: एजिना बेटावर गेलेल्या अथेन्सच्या मोहिमेतून एकटाच पुरुष जिवंत परतला, तेव्हा इतरांच्या पत्नींनी त्याला गराडा घालून, ‘माझा पती कोठे?’ असे विचारीत आपल्या वस्त्रांच्या टाचण्या भोसकून त्याला ठार केले. आणि या कृत्याने हादरलेल्या अथेनियनांनी स्त्रियांचा वेशच बदलून, ज्याला टाचण्या लागत नाहीत असा जवसाच्या तंतूंचा आयोनियन वेश त्यांना दिला. कथा खरी असो वा नसो, टाचणी त्या वेशाला किती आवश्यक होती हे तिच्यावरून समजते.

रोमन लोकांनी वस्त्र वजनावर आणि डाव्या हातावर तोलले. त्यांचा टोगा लोकरीचा, अर्धवर्तुळाकार, इतका प्रचंड असे की तो नीट चढविण्यास दुसऱ्याचे साह्य लागे, आणि एकदा चढविल्यावर डावा हात त्याच्या घड्या सांभाळण्यात गुंतून पडे. पहिल्या शतकातील वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन याने आपल्या ग्रंथात वक्त्याने टोगा कसा घ्यावा, भाषणाच्या कोणत्या टप्प्यावर तो किती ढळू द्यावा, याचे सविस्तर नियम दिले आहेत. सम्राट ऑगस्टसने तर फोरममध्ये टोग्यावाचून कोणी फिरू नये असा हुकूम अंमलदारांना दिला, आणि हुकूम द्यावा लागला यावरूनच ते वस्त्र लोकांना किती अडचणीचे वाटत होते हे दिसते. परंतु टोगा हा नागरिकत्वाचा दाखला होता. नागरिकत्वाचे खोटे सोंग घेतल्याच्या आरोपावरून एका मनुष्याची चौकशी चालू असता त्याने टोगा घालावा की ग्रीक झगा, यावरच वकिलांत वाद जुंपला, तेव्हा क्लॉडियस बादशहाने फिर्यादी बोलेल तेव्हा एक आणि बचाव चालेल तेव्हा दुसरा, असा आळीपाळीने वेश बदलण्याची आज्ञा केली. आणि रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो तो सिन्सिनॅटसचा प्रसंग प्रसिद्धच आहे: शेतात राबत असलेल्या त्या वृद्धाकडे सिनेटचे दूत आले, तेव्हा राज्याचा निरोप ऐकण्यासाठी त्याला प्रथम झोपडीतून टोगा मागवावा लागला. म्हणजे रोमन वस्त्र काम करणाऱ्याचे नव्हते. काम थांबविल्यावर घालावयाचे होते.

आपण वस्त्र धरले ते खोचण्याने आणि गाठीने. वेदकाळापासून ‘नीवी’ ही कटिवस्त्राची गाठ साहित्यात वावरते आहे. टाचणी नाही, वजन नाही. कापडाचाच एक भाग दुसऱ्या भागाला धरतो, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. भातलावणीसाठी चिखलात वाकलेली कोकणातील स्त्री, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेली कोळीण, पाथरवट, मोटकरी, हे सारे ज्या वस्त्रात दिवसभर कष्ट करीत, त्याच वस्त्रात ते चावडीवर जात आणि त्याच वस्त्रात देवळात जात. फार तर ते धुतलेले असे. कष्टाचा वेश आणि प्रतिष्ठेचा वेश एकाच आकाराचा असावा, यात मला आपल्या वस्त्रविद्येचे मोठेपण दिसते.

खांद्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. मोहेंजोदडोची जी मूर्ती ‘पुरोहित-राजा’ म्हणून ओळखली जाते, आणि जी आज कराचीच्या संग्रहालयात आहे, तिने त्रिदली नक्षीची शाल डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या बगलेखालून काढली आहे. मेसोपोटेमियातील लगशचा अधिपती गुडिया याच्या कृष्णपाषाणातील मूर्तींतही वस्त्र असेच डाव्या खांद्यावर आहे आणि उजवा बाहू उघडा आहे. बौद्ध भिक्षू आदर दाखविताना उत्तरासंग एका खांद्यावर करतो तोही याच पद्धतीने. या तिन्हींत सलग परंपरा आहे असे म्हणण्यास मी धजणार नाही. उजवा हात मोकळा असावा ही गरज सर्वत्र सारखीच असते. पण आपल्याकडे या साध्या गरजेला एक सूक्ष्म व्याकरण प्राप्त झाले. देवकार्यात वस्त्र डाव्या खांद्यावर, पितृकार्यात उजव्या खांद्यावर, आणि मनुष्यांच्या संबंधातील कर्मात गळ्यातून माळेसारखे. सव्य, अपसव्य आणि निवीत या ज्या संज्ञा आपण जानव्याच्या संबंधात ऐकतो, त्या मुळात वस्त्राच्या आहेत. भारतरत्न पांडुरंग वामन काणे, जे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून याच नगरीत राज्यसभेत बसत असत, त्यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या महाग्रंथात याची छाननी केली आहे. तैत्तिरीय आरण्यकात यज्ञोपवीतासाठी अजिन, म्हणजे कातडे, अथवा वस्त्र सांगितले आहे. आपस्तंब धर्मसूत्राने उत्तरीयाच्या जागी केवळ सूत्र चालेल अशी सवलत दिली. आणि पुढे सवलतच नियम होऊन बसली. ज्या दोऱ्याच्या अधिकारावरून आपल्या समाजात इतका कलह माजला, तो दोरा मूळच्या उपरण्याची खूण आहे, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ज्यांना हे सारे डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यांनी जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात एक दुपार घालवावी. १९४९ साली राष्ट्रपतिभवनात सुरू झालेले आणि १९६० साली आपल्या स्वतंत्र वास्तूत आलेले ते संग्रहालय राजधानीतील मराठी माणसाच्या वाटेवरच आहे. तेथे गांधार शैलीचा बुद्ध पाहा: दोन्ही खांदे झाकलेले, आणि जाड वस्त्राच्या खोल घड्या रोमन टोग्यासारख्या कोसळत आलेल्या. मग मथुरेचा कुषाणकालीन बुद्ध पाहा: उजवा खांदा उघडा, वस्त्र इतके तलम की त्याचे अस्तित्व केवळ डाव्या बाहूवरच्या रेषांनी आणि काठाने समजते. उपदेशक तोच, परंतु एका शिल्पकाराने लोकर पाहिली होती, दुसऱ्याने कापूस. येथे एक गोष्ट विसरता कामा नये की भिक्षूचे चीवर शिवलेले असते. मगधातील भातखाचरांच्या बांधांसारखे तुकडे जोडून ते करावे अशी योजना बुद्धाचा शिष्य आनंद याने केली, असे विनयपिटक सांगते. म्हणजे कापून त्याचे बाजारमूल्य घालवायचे, पुन्हा जोडून त्याचा अखंड चौकोन करायचा, आणि तो नेसायचा मात्र न शिवलेल्यासारखाच. वैराग्याचीही येथे मागाच्या चौकटीतच सोय लावली गेली.

शिवलेले कपडे मुसलमानी अमलाबरोबर या देशात आले, हाही एक दृढमूल गैरसमज आहे. मथुरेच्या संग्रहालयातील मस्तकविहीन कनिष्क लांब अंगरखा आणि जाड बूट घालून उभा आहे. समुद्रगुप्ताच्या काही सुवर्णनाण्यांवर तो कुषाण पद्धतीचा अंगरखा घालतो, आणि वीणा वाजविताना दाखविला आहे तेथे मात्र त्याच्या अंगावर केवळ धोतर आहे. एकच सम्राट, प्रसंगानुसार दोन वेश. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत राजपुरुष तलम पट्टेदार वस्त्र नेसून बसलेले, आणि भोवतालचे सेवक, सैनिक, परदेशी पाहुणे शिवलेल्या बंड्या आणि चोळ्या घातलेले दिसतात. आमच्याकडे तो अंमल पोहोचण्यापूर्वीच, तेराव्या शतकात, शिंप्यांच्या कुळात संत नामदेव जन्मले, ही एकच गोष्ट या प्रश्नावर पुरेशी आहे. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी भारतीय वेशभूषेवर १९५१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आणि डॉ. मोतीचंद्र यांच्या प्राचीन वेशभूषेवरील हिंदी ग्रंथात, शिवलेल्या आणि न शिवलेल्या वस्त्रांचे हे सहजीवन साधार मांडलेले आहे. खेदाची गोष्ट एवढीच की हे ग्रंथ आज फारसे कोणी उघडत नाही.

शिवलेला वेश प्रामुख्याने आला तो घोड्याबरोबर. मध्य आशियातील तुर्फानजवळ, यांगहाय येथील थडग्यांत लोकरीच्या विजारी सापडल्या आहेत, तीन हजार वर्षांमागच्या. पायांचे भाग वेगवेगळे विणून आणि मध्ये कळी घालून जोडलेल्या. घोड्यावर मांड ठोकणाऱ्याला पाय अलग झाकणारे वस्त्र हवे, हे उघड आहे. आता आपला कासोटा पाहा. निऱ्यांचे टोक पायांमधून मागे नेऊन खोचले की एकाच अखंड वस्त्राचे दोन पाय होतात, आणि मांड मोकळी राहते. विजारीने जे काम टाक्यांनी साधले तेच काम कासोट्याने एका घडीने साधले, आणि संध्याकाळी ती घडी सोडली की वस्त्र पुन्हा सपाट, धुवायला आणि वाळत घालायला मोकळे! मराठा स्त्रियांना घोड्यावर बसावे लागे म्हणून नऊवारीचा काष्टा निघाला, असे आजकाल अभिमानाने सांगितले जाते. अभिमान योग्य आहे, इतिहास नव्हे. कारण कच्छ घालून नेसण्याची पद्धत भरहुत-सांचीच्या शिल्पांत, म्हणजे मराठेशाहीच्या दीडदोन हजार वर्षे आधी, स्त्रीपुरुष दोघांच्याही अंगावर दिसते. मराठ्यांनी ती निर्माण केली नाही. इतर प्रांतांतील स्त्रियांनी बहुधा सोडून दिल्यावरही मराठी स्त्रियांनी ती जतन केली, आणि हे श्रेय मला अधिक मोठे वाटते.

दिल्लीच्या तख्ताने वेशाला आणखी एक अर्थ दिला. पानिपत जिंकून आलेल्या बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानी लोकांच्या लंगोटीविषयी नापसंतीने लिहिले. परंतु त्या अनादरातही त्याने येथील स्त्रियांचे वस्त्र अचूक टिपले: एकच कापड, अर्धे कमरेला गुंडाळलेले, अर्धे मस्तकावरून घेतलेले. त्याच्या वंशजांच्या दरबारात जामा आणि खिलत, म्हणजे सन्मानाचा पोशाख, ही राज्यकारभाराची साधने झाली, आणि तोशाखान्यातून निघालेला पोशाख अंगावर चढला की हुद्दा चढला. मराठी राज्यानेही हीच रीत उचलली. बाजीरावाला १७२० साली मसूर येथे पेशवाईची वस्त्रे मिळाली, असेच आपल्या बखरी म्हणतात. वस्त्रांचा साठा सांभाळणारा जामदारखाना हा राज्याच्या अठरा कारखान्यांपैकी एक होता. आणि १७९२ साली महादजी शिंदे शहा आलमकडून वकील-इ-मुतलकीची सनद आणि खिलत घेऊन पुण्यास आले, तेव्हा सवाई माधवरावांनी भर दरबारात ती सन्मानाने स्वीकारली. परंतु ज्या पुरुषाने दरबारात अंगरखा घातला तोच पहाटे देवघरात सोवळे नेसून बसे. दिवसाचे दोन भाग, दोन वस्त्रशास्त्रे, आणि दोहोंत त्याला काही विसंगती वाटत नसे.

मी आतापर्यंत अखंड वस्त्राचा गौरव केला. पण सत्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती प्रतारणा होईल. ज्या वस्त्राला आकार नसतो त्याला समाज आकार देतो, आणि समाजाच्या मनातील उच्चनीचता त्या आकारात उतरते. लुगडे घोट्यापर्यंत असावे की गुडघ्याच्या वर, हे जातीवरून ठरविले जात होते. विणकराच्या मागाने ज्यात भेद ठेवला नाही त्यात गावाने भेद पाडला. १९२७ सालच्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रहप्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण टाकून द्या आणि उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे पायघोळ लुगडे नेसा, असा स्पष्ट उपदेश होता. आणि त्या स्त्रियांनी तो लगोलग अमलात आणला. वस्त्र बदलले नाही, खर्च वाढला नाही; केवळ घडी खाली आली, आणि शतकांची आज्ञा मोडली. वस्त्रेतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात या प्रसंगाला स्वतंत्र प्रकरण मिळाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. स्वतः बाबासाहेबांनी शिवलेला पाश्चात्त्य पोशाख निवडला, तोही याच संदर्भात समजून घेतला पाहिजे. आणि त्यापूर्वी सहाच वर्षे, १९२१ च्या सप्टेंबरात, मदुराईला महात्माजींनी सदरा-टोपी टाकून केवळ पंचा स्वीकारला होता. एकाने दरिद्री जनतेच्या वस्त्रापर्यंत उतरून, तर दुसऱ्याने लादलेले वस्त्र झुगारून, असे दोघांनीही वेशाचे राजकारण केले. दोन्ही मार्ग मला आदरणीय वाटतात.

याच सुमारास मराठी मध्यमवर्गातही गोल पातळाचा वाद पेटला. नऊवारी सोडून सहावारी, काष्टा सोडून परकरावर गोल नेसणे, हे शाळा-कॉलेजांतील तरुणींनी स्वीकारले तेव्हा वडीलधाऱ्यांचा रोष झाला. आज त्याच गोल पातळाला आपण पारंपरिक म्हणतो. परंपरा बदलते याचे दुःख मला नाही.

दुःख दुसऱ्याच गोष्टीचे आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर मराठी साहित्य संमेलन भरले, १९५४ नंतर प्रथमच दिल्लीत; त्या मंडपात मला नऊवारीतील अनेक तरुणी दिसल्या आणि आनंद झाला. परंतु त्यांतील पुष्कळशा नऊवाऱ्या शिवलेल्या होत्या, विजारीसारख्या चढवावयाच्या, निऱ्यांना टाके घातलेल्या. त्या मुलींना दोष देण्याचा मला अधिकार नाही. घरात शिकविणारे कोणी उरले नसेल तर त्यांनी काय करावे? पण यात काय हरपले ते समजले पाहिजे. शिवलेला कपडा शिंप्याच्या विद्येवर उभा असतो. अखंड वस्त्राची अर्धी विद्या विणकराकडे आणि उरलेली अर्धी नेसणाऱ्याच्या हातांत असते. टोगा संग्रहालयातील संगमरवरात उरला. तो नेमका कसा नेसत, हे शोधण्यासाठी आज विद्वानांना मूर्तींच्या घड्या मोजाव्या लागतात, कारण नेसविणारे हात संपले. आपले हात अजून संपलेले नाहीत. जगातील बहुतेक प्राचीन संस्कृतींनी ही विद्या गमावली असताना ज्या थोड्या समाजांत ती अजून चालती आहे, त्यांत आपण आहोत.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली राजधानीतील संग्रहालयांकडे, विशेषतः भैरों मार्गावरील राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयाकडे: पैठणी, इरकल, महेश्वरी ही वस्त्रे घडी घालून काचेआड ठेवण्यापुरते थांबू नका, ती नेसण्याच्या क्रियेची नोंद, प्रांताप्रांतांनुसार, जातिजमातींनुसार, चित्रफितींवर करून ठेवा, आणि त्यात शेतात राबणाऱ्या स्त्रियांच्या नेसणीला श्रीमंत घरांच्या नेसणीइतकेच स्थान द्या. दुसरी मागणी आपणांकडे, येथे बसलेल्या प्रत्येकाकडे. पहाडगंजापासून नोएडा-गुरुग्रामपर्यंतच्या मराठी घरांत अजूनही अशा आजी आणि मावश्या आहेत ज्यांना ओचा किती घ्यावा, काष्टा कसा बसवावा, पदर कोणत्या खांद्यावर केव्हा घ्यावा, हे विचार न करता येते. या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यापुढे बसा, त्यांच्याकडून एकदा नीट नेसवून घ्या, मग स्वतः नेसा, चुकलात तर पुन्हा नेसा. मुलांनाही धोतर शिकवा, कारण ही विद्या केवळ स्त्रियांची नाही. आणि जे शिकाल ते तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव घालून लिहून ठेवा.